‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणताना: घरचे कर्ज, दशमांश आणि वचनावरचा भरवसा

प्रश्न
खानापूर तालुक्यातील फाउंड्री कामगार

सर्व बंधुभगिनींना सलाम.

रविवारच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीशी आलो की गेले वर्षभर माझा आवाज आपोआप खाली येतो. या ओळीतील ऋण म्हणजे आपले अपराध, हे मी रविवारच्या शाळेत शिकलो आहे आणि ते मला मान्यही आहे. तरीही आता तो शब्द उच्चारताच मला शिलाई मशीनच्या खणात रबर लावून ठेवलेली हप्त्यांची पुस्तके दिसू लागतात. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात माझ्यासोबत साच्यावर काम करणारा भाऊ कन्नड मंडळीत, म्हणजे कन्नड चर्चमध्ये, जातो. त्यांच्या प्रार्थनेत त्या जागी ‘तप्पु’, म्हणजे चूक, असा शब्द आहे आणि ती ओळ म्हणताना त्याला काही अडत नाही. मला अडते, म्हणून इथे लिहीत आहे.

दोन वर्षे दोन महिन्यांपूर्वी आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी घाईने एका सावकाराकडून शेकडा तीनने 80,000 रुपये काढले; त्यासाठी त्याने सही केलेला कोरा धनादेश आणि कोरा मुद्रांक कागद ठेवून घेतला. दरमहा 2,400 रुपये व्याज न चुकता जाते, मुद्दल मात्र जागचे हललेले नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात घराची मागची मातीची भिंत छपरासकट कोसळली, तेव्हा सोसायटीतून दीड लाख उचलले. त्याचा हप्ता 4,175 रुपये असून 98,000 बाकी आहे. मागच्या मे महिन्यात बहिणीचे लग्न झाले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून 60,000 घेतले आणि तिने महिलांच्या गटातून 60,000 उचलले. पुढे दुसऱ्या गटातून 50,000 आणि, सांगायला लाज वाटते, आधीच्या हप्त्यांची सोय व्हावी म्हणून तिसऱ्या गटातून 40,000 घेतले. ही तिन्ही कर्जे बायकोने तिच्या नावावर घेतली आहेत. त्यांचे हप्ते अनुक्रमे 3,170, 2,645 आणि 2,115 रुपये आहेत, आणि बाकी 36,000, 41,500 आणि 37,300 रुपये आहे. माझा पगार 16,500 रुपये, बायकोच्या शिवणकामाचे सरासरी 4,500 आणि राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 मिळून घरात 23,000 येतात. खाणारी तोंडे पाच आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या भागात तीन दिवस उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठीच्या सभा, झाल्या. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी रोमकरांस पत्र 13:8 (कोणाच्या ऋणात राहू नका), नीतिसूत्रे 22:7 (ऋणको धनकोचा दास होतो) आणि मलाखी 3:10 (सगळा दशमांश भांडारात आणा) ही वचने घेऊन असे सांगितले की, विश्वासणाऱ्याच्या घरात कर्ज असणे हे आज्ञाभंगाचे चिन्ह आहे, आणि जो आधी पूर्ण दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देतो त्याचे कर्ज देव स्वतः फेडतो. मी पगार हातात येताच 2,300 रुपये अर्पण केले. परिणामी त्या महिन्यात तिसऱ्या गटाचा हप्ता चुकला. त्यानंतर एका संध्याकाळी आठ वाजता वसुलीचा माणूस घरी आला आणि पैसे मिळेपर्यंत उंबऱ्याच्या आत बसून राहिला. जाताना त्याने शिलाई मशीनवर हात ठेवून, पुढच्या वेळी हे उचलून नेऊ, असे बायकोला सांगितले. मुले दाराआडून पाहत होती.

माझा देवाच्या वचनावर विश्वास आहे; तो टिकावा अशीच इच्छा आहे. पण वचन जर माझ्याविषयी एवढेच म्हणत असेल की तू दास आहेस, तू आज्ञा मोडली आहेस, तर त्या वचनावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? दशमांश चालू ठेवावा की हप्ता भरावा? आणि ही गोष्ट मंडळीत सांगावी का? अजून आम्ही ती कोणालाही सांगितलेली नाही. आईलासुद्धा सोसायटीचे कर्ज तेवढे माहीत आहे.

उत्तर 1
निवृत्त हिशेबनीस, बेळगाव कॅम्प

भाऊ, सलाम. वचनांचा अर्थ पाळकांनी सांगावा. मी 31 वर्षे सहकारी पतसंस्थेत हिशेब सांभाळला, त्यामुळे मी आकड्यांकडून सुरुवात करतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूनेच म्हटले आहे (लूक 14:28), तेव्हा हिशेब मांडणे हे भरवशाच्या विरुद्ध आहे असे मानू नका.

तुमची एकूण बाकी 3,52,800 रुपये होते. दरमहा 14,505 रुपये कर्जापोटी जातात, म्हणजे उत्पन्नाचे जवळजवळ 63 टक्के. घर चालवायला 8,495 उरतात. दशमांश दिल्यावर 6,195 उरले, म्हणून हप्ता चुकला. यात श्रद्धेची परीक्षा वगैरे काही नव्हते, रक्कमच पुरत नव्हती.

आता गटांच्या कर्जांविषयी. रिझर्व्ह बँकेचे 1 एप्रिल 2022 पासूनचे नियम असे सांगतात की, वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज देताना त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. तुमची मर्यादा 11,500 रुपये. सावकाराचे व्याज बाजूला ठेवले तरी तिसऱ्या कर्जाने तुमचे हप्ते 12,105 वर गेले. म्हणजे ते कर्ज देणाऱ्याने तुमचे उत्पन्न आणि आधीची कर्जे नीट पाहिली असती, तर ते तुम्हाला मिळायलाच नको होते. हे मी जबाबदारी झटकण्यासाठी सांगत नाही. ते फेडावे लागेलच. परंतु या प्रकरणात चुकलेले तुम्ही एकटेच आहात, ही समजूत मात्र मनातून काढून टाका.

त्याच नियमांनुसार वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हायला हवी. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा कर्जदार तिथे आला नाही, तरच माणूस घरी येऊ शकतो, आणि तेव्हाही सकाळी 9 च्या आधी किंवा सायंकाळी 6 नंतर नाही. तुमचा एकच हप्ता चुकला होता आणि तो माणूस रात्री आठला आला. कर्ज विनातारण आहे, म्हणून मशीन उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तारीख, वेळ आणि तो जे बोलला ते जसेच्या तसे लिहून त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. बेळगावच्या न्यायालयात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रार वहिनींच्या नावाने असल्यामुळे त्याचा उपयोग करून घ्या.

खरी गळती मात्र सावकाराकडे आहे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. 26 महिन्यांत तुम्ही 62,400 रुपये व्याज भरले आहे आणि मुद्दल तिथेच आहे. पाटल्या गहाण ठेवल्यानंतर सोन्याचा भाव बराच चढला आहे, म्हणून बँकेत जाऊन त्याच दागिन्यांवर वाढीव रक्कम मिळते का ते विचारा, आणि ती सगळी सावकाराच्या मुद्दलात भरा. बँकेचे व्याज त्याच्या तुलनेत बरेच कमी असते.

त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, याचीही चौकशी करा. 2025 मध्ये कर्नाटकात सूक्ष्म व लहान कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध कायदा झाला. फेब्रुवारीत त्याचा अध्यादेश निघाला होता. दमदाटी, पाठलाग, कागदपत्रे हिसकावणे यांसाठी त्यात 10 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे, आणि विनापरवाना सावकाराने दुर्बल घटकांना दिलेले व्याजी कर्ज फिटलेले समजावे अशी तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या बँका आणि वित्तकंपन्यांना तो लागू नाही, म्हणून गटांच्या कर्जासाठी वर सांगितलेला मार्ग आणि सावकारासाठी हा, असा फरक ध्यानात ठेवा.

उत्तर 2
निपाणी परिसरातील विडी कामगार ताई

दादा, तुमच्या पत्रातील ‘बायकोने तिच्या नावावर घेतली’ हे शब्द मला टोचले. गटाचे कर्ज बाईच्याच नावावर मिळते, म्हणून ते तिच्या नावावर आहे. तुमच्या बहिणीच्या लग्नासाठी आणि घराच्या हप्त्यांसाठी तिने आपल्या अंगावर घेतलेले ते घराचे कर्ज आहे. तुम्ही रागाने लिहिले नाही हे मला कळते, तरी तिच्यासमोर असे बोलू नका.

बैठकीत काय होते ते पुरुषांना सहसा दिसत नाही. आमच्याकडे मंगळवारी सकाळी एका ओसरीवर दहाजणी बसतात. एखादीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांना उठू देत नाहीत. घरी सूप, पाने, तंबाखू तसेच पडून राहते आणि त्या दिवशीच्या हजार विड्या होत नाहीत, म्हणजे नऊजणींची मजुरी बुडते. मग त्या नऊजणी जिच्यावर तुटून पडतात ती त्यांचीच शेजारीण असते. आमच्या गटातील एक बाई घर सोडून इचलकरंजीला निघून गेली, आणि तिच्या हप्त्यातील माझ्या वाट्याचे 700 रुपये मी आठ महिने भरले. त्या दिवसांत नीतिसूत्रांचा सहावा अध्याय मी पहिल्यांदा नीट वाचला. शेजाऱ्याला जामीन राहून तू आपल्याच शब्दांनी अडकला असशील, तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, जा, त्याला गळ घाल, आणि हरिणी पारध्याच्या हातून सुटते तशी सुटका करून घे, असे तिथे सांगितले आहे. त्या अध्यायात अडकलेल्या माणसाला शिव्या नाहीत. ऊठ आणि जा, एवढी घाई तेवढी आहे. मला त्याचा मोठा आधार वाटला. मी खरोखर उठले आणि बाकीच्या बायकांना घेऊन त्या संस्थेच्या शाखेत गेले. तिथून हप्त्याची मुदत वाढवून मिळाली.

अजून एक गोष्ट. वहिनींनी सह्या केलेले कागद कोणत्या भाषेत आहेत ते पाहा. आमच्या सीमाभागात मराठी शाळेत शिकलेली बाई कन्नड किंवा इंग्रजी कागदावर बोट दाखवले तिथे सही करते आणि व्याजाचा दर, विम्याची कापलेली रक्कम, काहीच तिला कळत नाही. कर्जाचा करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. मागून घ्या. माझ्या मुलाने कागद वाचून दाखवला तेव्हा कुठे मला कळले की वेळेआधी पैसे भरले तरी दंड लागत नाही. तोपर्यंत मी उलटेच समजत होते.

आणि आईला सांगा. तिच्याच पायासाठी काढलेले पैसे तिच्यापासून लपवून ठेवले, हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळले तर तिला जास्त लागेल.

उत्तर 3
चिकोडी तालुक्यातील ऊस उत्पादक

मला वेगळे वाटते आणि ते नम्रपणे मांडतो. आमच्या घरात दशमांश तीन पिढ्यांपासून बाजूला काढला जातो. एका वर्षी कारखान्याकडून उसाचे बिल पाच महिने लांबले, डोक्यावर सोसायटीचे पीककर्ज होते, तरी वडिलांनी आलेल्या पहिल्या रकमेतून परमेश्वराचा भाग आधी काढला. त्या वर्षी आम्ही उपाशी राहिलो नाही, शेजाऱ्यांनी धान्य दिले, आणि कर्जही पुढच्या हंगामात फिटले. मी याला योगायोग म्हणू शकत नाही. भाऊंनी देणे पूर्ण थांबवले, तर हळूहळू हातासोबत मनही आखडेल, अशी मला भीती वाटते. शुभवर्तमानातील गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी लहान नाणी, टाकल्या त्या तिच्या गरजेतून टाकल्या होत्या. म्हणून 2,300 नाही तरी काहीतरी द्यावे, पण थांबवू नये, असे माझे मत आहे.

उत्तर 4
पाळक, बेळगाव तालुका

प्रिय भाऊ, तुम्ही ज्या ओळीपाशी अडखळता तिथूनच सुरू करतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक मजकुरात त्या जागी खरोखर ‘देणे’ असाच शब्द आहे. लूकने (11:4) पहिल्या भागात ‘पापे’ म्हटले आणि लगेच पुढे ‘आमचा प्रत्येक ऋणी’ म्हटले. म्हणजे कन्नड भाषांतराने अर्थ दिला, मराठीने शब्द राखला. देवापुढे आपले जे ओझे आहे ते सांगायला प्रभूने कर्जदाराचीच भाषा निवडली. ऐकणाऱ्यांत गालीलातील शेतकरी आणि कोळी होते, आणि त्यांतील अनेक जण कर्जात असावेत. त्यांना ती भाषा लगेच समजत असणार. त्या शब्दाने तुम्हाला पुस्तके दिसतात, यात तुमची भक्ती विचलित होते असे मी मानत नाही. ती पुस्तकेच प्रार्थनेत आणा.

आता सभेत वापरलेल्या वचनांविषयी. ‘ऋणको धनकोचा दास होतो’ हे नीतिसूत्रांतील वाक्य आज्ञा नाही, दोषारोपही नाही. जगात काय घडते ते ज्ञानी माणसाने पाहून सांगितले आहे, आणि वाक्याचा पहिला भाग तर धनवान गरिबांवर सत्ता चालवतो असा आहे. रोमकरांस पत्र 13:8 च्या आधीचे वचन ‘ज्याचे जे देणे असेल ते त्याला द्या’ असे आहे. म्हणजे पौल देणे बुडवू नका असे सांगतो, कर्ज घेणाऱ्याला मंडळीबाहेर काढत नाही. जो उसने मागतो त्याच्याकडे पाठ फिरवू नकोस, असे प्रभूने सांगितले (मत्तय 5:42). उसने घेणे हेच पाप असते तर प्रभूने देणाऱ्याला ही आज्ञा दिली नसती. दाविद अदुल्लामच्या गुहेत लपला तेव्हा त्याच्याकडे संकटात सापडलेले, कर्जबाजारी झालेले आणि मनाने त्रासलेले लोक जमले (1 शमुवेल 22:2), आणि तो त्यांचा पुढारी झाला.

शास्त्रात कर्जाविषयी जेवढे लिहिले आहे, त्यातील मोठा भाग कर्ज देणाऱ्याला उद्देशून आहे. आम्ही व्यासपीठावरून मात्र नेहमी घेणाऱ्यालाच सुनावतो, हा आम्हा पाळकांचा दोष आहे आणि तो मी स्वतःकडेही घेतो. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाचा 24 वा अध्याय काढून वाचा. तारण घ्यायला धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे आहे. गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे. तुमच्या उंबऱ्याच्या आत बसलेला तो माणूस आणि शिलाई मशीनवर ठेवलेला त्याचा हात या दोन्ही गोष्टींविषयी तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. वहिनींचे मशीन हे तुमच्या घरातील जाते आहे. तेव्हा वचन तुमच्याविषयी फक्त ‘तू दास आहेस’ एवढेच म्हणते हे खरे नाही. ते त्या रात्री तुमच्या दाराशी तुमच्या बाजूने उभे होते.

दशमांशाबाबत ऊस उत्पादक भाऊंची साक्ष मी आदराने ऐकली आणि त्यांच्या वडिलांचा विश्वास खरा होता याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांच्या साक्षीतील एक भाग निसटू नये: त्या वर्षी शेजाऱ्यांनी धान्य दिले. मलाखी 3:10 मध्ये दशमांश भांडारात आणायचा तो ‘माझ्या मंदिरात अन्न असावे’ म्हणून. अनुवाद 14:28-29 मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून वेशीच्या आत साठवायचा आहे. ज्या घरात हप्त्यानंतर पाच माणसांसाठी 8,495 रुपये उरतात, ते घर आज त्या भांडारात भरणाऱ्यांपैकी आहे की त्यातून घेणाऱ्यांपैकी, हा प्रश्न मंडळीने स्वतःला विचारला पाहिजे. मलाखीच्या त्याच अध्यायात, पाच वचने आधी, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आणि विधवा व अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर साक्ष देतो. ते वचन सभांतून क्वचितच वाचले जाते. विधवेच्या दोन टोल्यांच्या आधीच्या वचनांत प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो (मार्क 12:40). आईबापांच्या निर्वाहाची रक्कम ‘कुर्बान’ (देवाला वाहिलेले) म्हणून मंदिराला वाहणाऱ्यांना त्याने काय म्हटले तेही पाहा (मार्क 7:9-13). तुमच्या घरात म्हातारी आई आहे. दिलेल्या शब्दाचा हप्ता चुकवून अर्पण आणावे, अशी अपेक्षा मी तुमच्याकडून करणार नाही. मनात असेल ते, जवळ असेल त्याप्रमाणे द्या (2 करिंथ 8:12), आणि ते दहा रुपये असले तरी ते कमी आहेत असे कोणालाही म्हणू देऊ नका.

सावकाराचा परवाना नसेल आणि कायद्याने कर्ज फिटले असे ठरत असेल, तर विश्वासणाऱ्याने काय करावे हा प्रश्न तुमच्या मनात येईल. दुर्जन उसने घेतो आणि फेडत नाही, असे स्तोत्र 37:21 म्हणते; म्हणून आईच्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडलेले मुद्दल परत करावे असे मला वाटते. व्याजाचा भाग वेगळा आहे. यहूदाचा अधिकारी नहेम्या याच्या काळात लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, पोटची मुले दास्यात दिली, आणि त्यांच्यावर शंभरावा हिस्सा व्याज होते. बहुतेक अभ्यासक ते दरमहा मानतात, म्हणजे शेकडा एक. नहेम्याने त्यावर मोठी सभा भरवून सरदारांना ते परत करायला लावले, आणि आपण व आपले भाऊबंदही असेच पैसे लावत आहोत हे त्याने सर्वांदेखत कबूल केले (नहेम्या 5). तुम्ही शेकडा तीन भरत आहात. त्यामुळे त्या माणसाकडे तुम्ही एकटे जाऊ नका. मंडळीच्या पंचांपैकी एखादे वडीलधारे आणि मी, आम्ही सोबत येऊ शकतो. तुमच्या मंडळीचे पाळक आले तर अधिक चांगले.

राहिला मंडळीत सांगण्याचा प्रश्न. 2 राजे 4 मधील विधवा अलीशा संदेष्ट्याकडे आली ती ओरडत आली: धनको माझे दोन मुलगे दास करून न्यायला आला आहे. अलीशाने कर्ज कसे झाले हे विचारले नाही. तुझ्या घरात काय आहे ते सांग, असे विचारले. मग रिकामी भांडी शेजाऱ्यांकडून मागून आणायला सांगितली, तीही थोडीथोडकी नव्हे. तेल देवाने दिले, परंतु भांडी साऱ्या आळीची होती, आणि भांडी संपली तेव्हाच तेल थांबले. तिने ही गोष्ट झाकून ठेवली असती तर तेल कशात ओतले असते? सर्वांसमोर उभे राहून सांगा असे मी म्हणत नाही. दोन-तीन विश्वासू माणसांना पुस्तके उघडून दाखवा. हे लिहून तुम्ही निम्मे काम आधीच केले आहे.

प्रश्नकर्त्याचे पुढील पत्र, पाच आठवड्यांनंतर
खानापूर तालुक्यातील फाउंड्री कामगार

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या ताईंचे शब्द मी बायकोला वाचून दाखवले. ती काही वेळ काहीच बोलली नाही, मग उठून खणातील पुस्तके घेऊन आली आणि आम्ही दोघांनी मिळून आईसमोर ती मांडली. आई म्हणाली, मला वाटलेच होते, मशीन रात्री बारापर्यंत उगाच चालत नाही.

रात्री आलेल्या माणसाविषयी बायकोच्या सहीने लेखी तक्रार दिली. पोच मिळाली आणि तेव्हापासून वसुली बैठकीच्या ठिकाणीच होते. कागद मराठीत मागितले आहेत, ते अजून आलेले नाहीत. आमच्या पाळकांना आणि दोन पंचांना सगळे दाखवले. त्यांनी दोष दिला नाही. एका पंचांनी मात्र आधी का सांगितले नाही असे दुखावलेल्या स्वरात विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. मंडळीच्या महिला संघाने ओळखीच्या घरांतून शाळेच्या गणवेशांची शिलाई मिळवून दिली, त्याची 5,000 रुपये आगाऊ रक्कम आली आहे. बँकेने पाटल्यांवर 55,000 वाढवून दिले.

मागच्या शनिवारी पाळकांना घेऊन सावकाराकडे गेलो. त्याच्याकडे परवाना नाही हे तोपर्यंत कळले होते, पण आम्ही ती गोष्ट पुढे केली नाही. आईच्या वेळी हाच माणूस रात्री दहाला पैसे घेऊन दवाखान्यात आला होता. पाळकांनी त्याला आजवर भरलेले सगळे व्याज कागदावर लिहून दाखवले. बराच वेळ गेल्यावर त्याने मान्य केले की आता 60,000 द्यावेत आणि उरलेले 20,000 दरमहा 4,000 प्रमाणे पाच महिन्यांत, बिनव्याजी. 2,400 ऐवजी 4,000 काढताना पाच महिने ओढाताण होईल, पण पुढे तो हप्ताच राहणार नाही. या रविवारी 200 रुपये अर्पण केले आणि ऊस उत्पादक भाऊंची आठवण झाली.

हिशेबनीस साहेबांना एक विचारायचे आहे. येत्या बुधवारी 60,000 रुपये द्यायचे आहेत. साधी पावती पुरेल का?

उत्तर
निवृत्त हिशेबनीस, बेळगाव कॅम्प

पुरणार नाही. रोख देऊ नका, बँकेतून त्याच्या खात्यात भरा. त्याआधी कोरा धनादेश आणि कोरा मुद्रांक कागद परत मागा. उरलेल्या 20,000 साठी तो काही ठेवून घ्यायचाच म्हणाला, तर रक्कम, तारखा आणि ‘बिनव्याजी’ हा शब्द लिहिलेला नवा कागद करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि तो मराठीत असू द्या म्हणजे आईंनाही वाचता येईल. त्याने धनादेश हरवला असे सांगितले, तर तसे त्याच्याकडून लिहून घ्या आणि त्याच दिवशी बँकेत त्या क्रमांकाचे देणे थांबवण्याचा अर्ज द्या. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ गावचे शेत घेतले तेव्हा चांदी तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताच्या दोन्ही प्रती, एक मोहोरबंद आणि एक उघडी, मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या (यिर्मया 32:9-14). तुम्हीही दोन प्रती करा. एक पाळकांकडे ठेवा आणि दुसरी शिलाई मशीनच्या त्याच खणात.